कॅलास, ओनॅसिस आणि एक मराठी हस्तलिखित

हे प्रकरण एका कादंबरीच्या संपादनाचं आहे. विषय होता ऑपेरा गायिका मारिया कॅलास आणि जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनॅसिस यांचं प्रेम. कादंबरी मराठीत, लेखिकेची पहिलीच. लेखिका, प्रकाशक आणि ज्यात एक प्रकरण आधीच छापून आलं तो दिवाळी अंक, यांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. चरित्रात्मक कादंबरी लिहिणाऱ्यांना आणि तिचं संपादन करणाऱ्यांना आमच्या चुका उपयोगी पडतील असं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

लेखिकेला मी ताई म्हणतो. त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, तरुणपणी बरीच वर्षं गुरूंकडे ख्याल शिकलेल्या, पण मैफलींच्या वाटेला न गेलेल्या. कॅलासचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो एका नातेवाइकाकडच्या जुन्या कॅसेटवर. बेलिनी या इटालियन संगीतकाराच्या 'नॉर्मा' या ऑपेरातलं 'कास्ता दिवा', म्हणजे पुजारीण चंद्राला करते ती प्रार्थना. इटालियनचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी कॅसेट तीनदा उलटून लावली, असं त्या सांगतात. मग मिळेल ते पुस्तक जमवलं, मिळेल ते ध्वनिमुद्रण ऐकलं आणि निवृत्तीनंतर कादंबरी लिहायला घेतली.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मारियाचा जन्म २ डिसेंबर १९२३ चा, न्यूयॉर्कमधला, आईवडील ग्रीक. १९३७ मध्ये आई तिला घेऊन अथेन्सला परतली. तिथे एल्विरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे तिची तालीम झाली आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातल्या, उपासमारीत सापडलेल्या त्या शहरात तिनं पहिल्या मोठ्या भूमिका केल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये इटलीत वेरोनाच्या प्राचीन रोमन रंगमंडलात ती 'ला जोकोंदा' गायली. तिथेच तिला विटांच्या कारखान्यांचा मालक जोव्हान्नी बात्तिस्ता मेनेगिनी भेटला. तो तिच्याहून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी मोठा होता. १९४९ च्या एप्रिलमध्ये दोघांचं लग्न झालं आणि तोच तिचे व्यवहार बघू लागला. त्याच वर्षीच्या जानेवारीत व्हेनिसमध्ये तिनं वाग्नरची ब्रुनहिल्ड आणि बेलिनीची एल्विरा या दोन भूमिका काही दिवसांच्या अंतरानं गायल्या. एक भूमिका ढाल-भाल्याची, भारदस्त आवाजाची. दुसरी हलक्या, चपळ गळ्याची. ख्यालातला माणूस समजून घेईल की हे किती अवघड आहे. डिसेंबर १९५१ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाचा हंगाम तिच्या गाण्यानं उघडला.

ओनॅसिस आजच्या तुर्कस्तानातल्या स्मिर्नात जन्मलेला ग्रीक. सप्टेंबर १९५७ मध्ये व्हेनिसमध्ये एल्सा मॅक्सवेल या अमेरिकन स्तंभलेखिकेनं दिलेल्या मेजवानीत दोघांची ओळख झाली. जुलै १९५९ मध्ये कॅलास पतीसह त्याच्या 'क्रिस्टिना' या नौकेवर पाहुणी म्हणून गेली. पाहुण्यांमध्ये विन्स्टन चर्चिलही होते. तीन आठवड्यांची ती सफर संपली तेव्हा दोन लग्नं, तिचं आणि त्याचं, मोडल्यात जमा होती. पुढची नऊ वर्षं कॅलास आणि ओनॅसिस यांचं नातं जगजाहीर होतं, लग्न मात्र झालं नाही. २० ऑक्टोबर १९६८ ला ओनॅसिसनं स्कॉर्पिओस या आपल्या बेटावर जॅकलिन केनेडीशी लग्न केलं. तो १५ मार्च १९७५ ला गेला, ती १६ सप्टेंबर १९७७ ला; ती पॅरिसमध्ये, तो पॅरिसलगतच्या नुईमध्ये.

अडचण

ताईंचा पहिला खर्डा १९६८ च्या त्या ऑक्टोबरातच सुरू होत होता. पॅरिस, जॉर्ज मांदेल मार्गावरचं घर, हातात वर्तमानपत्र, त्यात दुसऱ्या बाईच्या लग्नाची बातमी. सुरुवात जोरदार होती. मग कथा मागे जायची आणि व्हेनिसच्या मेजवानीपासून पुन्हा पुढे यायची. नौका, बेट, रुसवे, दागिने, टेलिफोनची वाट पाहणं यांत दोन तृतीयांश पानं गेली होती. गाणं अधूनमधून यायचं, बहुतेक वेळा टाळ्यांच्या कडकडाटापुरतं. शेवटी निष्कर्ष असा की तिनं प्रेमासाठी गाणं सोडलं आणि प्रेमानं तिला सोडलं.

पहिल्या वाचनात मला कादंबरी आवडली, हे कबूल केलं पाहिजे. भाषा ओघवती होती. दुसऱ्या वाचनाच्या वेळी सवयीनं एक तक्ता केला. डावीकडे प्रेमप्रकरणातल्या तारखा, उजवीकडे तिच्या प्रयोगांच्या. तो भरत गेलो तसा कादंबरीचा पायाच हलायला लागला.

पहिलं उदाहरण वजनाचं. खर्ड्यात एक लांबलचक प्रसंग होता: ओनॅसिसला आवडावं म्हणून ती जेवण सोडते आणि बारीक होते. प्रत्यक्षात तिनं वजन उतरवलं ते १९५३-५४ मध्ये, ओळख होण्याच्या तीन वर्षं आधी. कारण रंगमंचाचं होतं. भूमिका देहानंही दिसली पाहिजे, हा तिचा आग्रह होता. एका कलावतीचा कामासाठीचा निर्णय आपण एका पुरुषाच्या नावावर लिहून टाकला होता.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. २ जानेवारी १९५८ ला रोममध्ये, इटलीचे राष्ट्राध्यक्ष प्रेक्षागृहात असताना, 'नॉर्मा'च्या पहिल्या अंकानंतर ती पुढे गाऊ शकली नाही आणि देशभर गहजब झाला. त्याच वर्षी ला स्कालाच्या व्यवस्थापनाशी तिचं बिनसलं. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रुडॉल्फ बिंगनं तिचा करार रद्द केला. म्हणजे नौकेची शिडी चढण्याआधीच जगातली तीन मोठी दारं तिच्यासाठी बंद किंवा अर्धवट बंद झाली होती. वरच्या सुरांमधला कंपही जाणकारांच्या कानांना तेव्हाच लागायला लागला होता. आणि नातं जुळल्यावर ती गायचं थांबली का? तर नाही. १९६० मध्ये एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात 'नॉर्मा' आणि डिसेंबरात ला स्कालामध्ये 'पोलिउतो'. १९६१ मध्ये 'मेडेआ'. १९६४ मध्ये लंडनला 'टोस्का', पॅरिसला 'नॉर्मा'. रंगमंचावरचा शेवटचा ऑपेरा ५ जुलै १९६५ ला, लंडनमध्ये. प्रयोग कमी झाले, हे खरं. पण त्याला गळा, प्रकृती, थकवा, भांडणं आणि प्रेम अशी पाच कारणं होती, आणि कादंबरीनं त्यांतलं एकच उचललं होतं.

तिसरी गोष्ट कायद्याची. खर्ड्यात लग्न न होण्याचं खापर सरळ मेनेगिनीवर होतं: म्हाताऱ्यानं घटस्फोट दिला नाही. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो डिसेंबर १९७० मध्ये आला. तोवर मिळू शकत होतं ते फक्त कायदेशीर विभक्तपण, आणि ते नोव्हेंबर १९५९ मध्ये ब्रेशियाच्या न्यायालयात मिळालं. पण १९६६ मध्ये कॅलासनं अमेरिकन नागरिकत्व सोडून ग्रीक नागरिकत्व घेतलं. तेव्हाच्या ग्रीक कायद्यानुसार ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये न लागलेलं ग्रीक व्यक्तीचं लग्न ग्राह्य नव्हतं. तिचं वेरोनातलं लग्न कॅथलिक विधीनं झालेलं. त्यामुळे ग्रीसच्या दृष्टीनं ती अविवाहित झाली. ओनॅसिसचा घटस्फोट तर १९६० मध्येच झाला होता. १९६६ नंतरची अडीच वर्षं दोघांमध्ये कायद्याची भिंत उरली नव्हती, आणि तरीही लग्न झालं नाही.

हे ताईंना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे माझा खलनायकच बदलला." मला वाटतं कादंबरी खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली.

बाळाचं प्रकरण

सगळ्यांत अवघड निर्णय याच प्रकरणाचा. २००० साली आलेल्या एका पुस्तकात असा दावा केला गेला की कॅलासला ओनॅसिसपासून मुलगा झाला होता, ३० मार्च १९६० ला, आणि तो काही तासांतच गेला. नंतरच्या अभ्यासकांनी त्या पुराव्यांवर गंभीर आक्षेप घेतले. तक्त्यात पाहिलं तर नोव्हेंबर १९५९ मधल्या डॅलसच्या प्रयोगांपासून १९६० च्या उन्हाळ्यापर्यंत ती रंगमंचावर नाही. त्या रिकाम्या महिन्यांत ही कथा चपखल बसते. पण चपखल बसणं हा काही पुरावा नव्हे.

ताईंनी यावर चाळीस पानं लिहिली होती. इस्पितळातली रात्र, पाळण्याकडे पाहणं, नाव ठेवणं. सगळ्या हस्तलिखितातली ती सर्वांत चांगली पानं होती. वाचताना माझेही डोळे भरले होते. म्हणूनच त्यांची भीती वाटली.

पर्याय चार होते. एक, प्रकरण जसंच्या तसं ठेवायचं, कारण कादंबरीकाराला कल्पनेचा अधिकार आहे. प्रकाशकांचं मत हेच होतं, आणि पुस्तक खपायचं तर हेच प्रकरण खपवेल असंही ते मोकळेपणानं म्हणाले. त्यांनी वकिलांनाही विचारलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो, पण त्यासाठी नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो. इथे तसं काही नव्हतं, त्यामुळे कायद्याचा धोका फारसा नव्हता. दुसरा पर्याय, प्रकरण पूर्ण काढायचं. तिसरा, ठेवायचं, पण शेवटी टीप द्यायची की हे वादग्रस्त आहे. चौथा, घटना काढून टाकायची आणि तिच्याबद्दलची कुजबुज ठेवायची.

माझा कल दुसऱ्याकडे होता. ताईंचा विरोध होता, आणि त्यांचा मुद्दा मला आजही पटतो: मूल हवं असण्याची, ते न होण्याची व्यथा त्या बाईच्या आयुष्यात होतीच, ती मी पुसून टाकू का? शेवटी आम्ही चौथ्याकडे आलो. १९६० चा वसंत मिलानच्या घरात घडवायचा. मारिया गात नाही, पियानोचं झाकण बंद आहे, वार्ताहर फाटकाबाहेर आहेत आणि घरातली माणसं हलक्या आवाजात बोलतात. काय झालं हे निवेदक सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नाही. चाळीस पानांची अकरा झाली. ताईंनी ती पुन्हा लिहायला दोन महिने घेतले आणि त्या काळात माझा एकही फोन उचलला नाही.

तुम्ही आणि तू

परदेशी माणसांना मराठीत बोलायला लावलं की पहिल्याच संवादात प्रश्न उभा राहतो: बायको नवऱ्याला काय म्हणते? मारिया मेनेगिनीशी इटालियन बोलायची, ओनॅसिसशी ग्रीक, वार्ताहरांशी इंग्रजी किंवा फ्रेंच. मराठी पानावर या सगळ्या भाषा एकच होऊन जातात. ताईंनी त्यावर एक तोडगा काढला. वयानं एवढा मोठा नवरा, म्हणून मेनेगिनीला 'तुम्ही'. ओनॅसिसला आधी 'तुम्ही', आणि सफरीच्या एका रात्री डेकवर, वाक्याच्या मधोमध, 'तू'. वाचकाच्या अंगावर काटा येतो अशी ती जागा आहे. मी ती लगेच मंजूर केली.

पतीला लिहिलेल्या तिच्या पत्रांत मात्र ती त्याला 'तू'च म्हणते, जवळच्या माणसाला म्हणावं तसं, लाडानं. मेनेगिनीच्या तोंडी आणि तिच्या तोंडी आम्ही जे अंतर घातलं ते आपल्याकडच्या जुन्या घरांमधलं आहे, वेरोनातलं नाही. तिनं त्या लग्नात दहा वर्षं काढली, जगातली सर्वांत मोठी गायिका ती त्याच लग्नात झाली. ते नातं पहिल्या पानापासून थंड दाखवणं आम्हाला सोयीचं होतं, कारण मग दुसरं प्रेम आपोआप समर्थनीय होतं. याकडे मी पुढे पुन्हा येतो.

ऑपेराच्या शब्दांचीही तीच गत. पहिल्या खर्ड्यात ऑपेराला 'संगीतिका' आणि आरियाला, म्हणजे ऑपेरातल्या एकट्यानं गायच्या गाण्याला, 'पद' होतं. वाचकाला जवळचं वाटावं हा हेतू चांगला. पण 'पद' म्हटलं की मराठी कानाला संगीत नाटक आठवतं: गद्य संवाद थांबतात, गायक पद घेतो, रंगला तर वाढवतो, कथानक तोवर वाट बघतं. कॅलासच्या वाट्याला आलेल्या ऑपेरात सूर जवळजवळ अखंड असतो, तो लिहिलेला असतो, समोर वाद्यवृंद आणि त्याचा संचालक असतो. मोकळीक आहे, पण ती लिहिलेल्या ओळीच्या आत शोधायची असते. कॅलासची थोरवी नेमकी तिथेच आहे. शेकडो गायिकांनी गायलेली तीच ओळ तिच्या गळ्यात अर्थ बदलायची. म्हणून 'ऑपेरा' आणि 'आरिया' हे शब्द ठेवले. 'तान' हा शब्द मी राहू दिला, फक्त जिथे आवश्यक तिथे 'लिहून ठेवलेली तान' असं केलं. त्या दोन शब्दांनी ताईंच्या वाचकाला बरंच कळतं.

काय केलं

हस्तलिखिताची नवी मांडणी केली. १९६८ चं वर्तमानपत्र सुरुवातीवरून हटवलं आणि त्याच्या जागी अथेन्स आणलं. मारिया आपल्या शिक्षिकेकडे, दे इदाल्गोकडे, सकाळी सगळ्यांच्या आधी जायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी निघायची, इतरांचे धडेही बसून ऐकायची. हे दे इदाल्गोबाईंनीच पुढे सांगून ठेवलेलं आहे. ताईंच्या मूळ खर्ड्यात याला दोन ओळी होत्या. मी म्हटलं, ताई, दुसऱ्याची तालीम कोपऱ्यात बसून ऐकणं म्हणजे काय हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यावर त्यांनी तीस पानं लिहिली. जाड भिंगाचा चष्मा लावणारी, बेढब, आईच्या महत्त्वाकांक्षेखाली दबलेली मुलगी आणि तिला एका बाईच्या खोलीत सापडलेलं घर. माझ्या मते कादंबरीतलं सर्वोत्तम लेखन ते आहे. त्यात प्रेमकथा नाही, आणि तिच्याशिवाय पुढची प्रेमकथा कळतही नाही.

दुसरी भर नोव्हेंबर १९५९ ची. डॅलसमध्ये 'लुचिया' गायची, विमानानं इटलीत येऊन ब्रेशियाच्या न्यायालयात पतीपासून विभक्त व्हायचं आणि परत डॅलसला जाऊन 'मेडेआ' गायची. हे सगळं दोन आठवड्यांत. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची भूमिका करायला ती नवऱ्याला सोडून गेली. खर्ड्यात या आठवड्यांचा उल्लेखही नव्हता, कारण तेव्हा ओनॅसिस दृश्यात नव्हता.

इथे एक मोह आवरावा लागला. नॉर्मा ही प्रियकरानं फसवलेली पुजारीण. मेडेआनं यासोनसाठी घरदार सोडलं आणि त्यानं राजकन्येशी लग्न ठरवलं. ओनॅसिस आणि जॅकलिन यांची सावली इतकी उघड पडते की प्रत्येक आरियात ताईंना भविष्यवाणी दिसायला लागली होती. पण नॉर्मा तिनं १९४८ पासून गायली, मेडेआ १९५३ पासून, दोन्ही फ्लोरेन्समध्ये सुरू झालेल्या. तेव्हा ओनॅसिस तिच्या आयुष्यात नव्हता. तिनं त्या बायकांना जे दुःख दिलं ते तालमीतून, शब्दांच्या अभ्यासातून आलेलं होतं. ते तिच्या चरित्रातून उसनं घेतलं असं म्हणणं म्हणजे तिचं काम तिच्याकडून काढून घेणं. असे सतरा संदर्भ काढले. एकच ठेवला, तोही मारियाच्याच मनात, १९६९ मध्ये. त्या वर्षी इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या चित्रपटात तिनं मेडेआ केली, आणि त्या मेडेआला गाणंच नव्हतं.

पत्रांचा प्रश्न लवकर सुटला. ताईंनी इंग्रजीत छापलेल्या पत्रांमधली वाक्यं अनुवादून स्वतःच्या काल्पनिक पत्रांत मिसळली होती. कुठली तिची आणि कुठली ताईंची, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. शिवाय मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला आपल्या कायद्यात प्रकाशनापासून साठ वर्षं संरक्षण आहे. सगळी पत्रं काढली, त्यातला आशय निवेदनात आणला. ओनॅसिसच्या तोंडची काही क्रूर वाक्यंही गेली. ती एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात फिरतात आणि मुळाशी जावं तर हाती कुणीच लागत नाही.

पाश्चात्त्य कंठसंगीत शिकवणाऱ्या एका बाईंना गायनाचे प्रसंग वाचायला दिले. त्यांनी दोन दिवसांत दोन घोडचुका काढल्या. ला स्कालाच्या प्रसंगात आम्ही तिला ध्वनिक्षेपकासमोर उभं केलं होतं. तिथे गायकाचा उघडा आवाजच वाद्यवृंद ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत जावा लागतो. आणि 'टोस्का'मधलं 'व्हिस्सी दार्ते' आम्ही शेवटच्या अंकात टाकलं होतं. ते दुसऱ्या अंकात आहे, पोलीसप्रमुख स्कार्पियाच्या खोलीत, ती सुरी उचलते त्याच्या जरा आधी. जागा चुकली की गाण्याचा अर्थच जातो.

दिवाळी अंक

हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच जमायला लागतो. ताईंनी माझ्याकडे हस्तलिखित येण्याआधीच एका अंकाला 'आगामी कादंबरीतील प्रकरण' पाठवून दिलं होतं आणि नंतर विसरूनही गेल्या होत्या. कोणतं प्रकरण? बाळाचं, चाळीस पानांचं, थोडं आटपून. अंक बाजारात आला तेव्हा आम्ही ते प्रकरण कापून तीन आठवडे झाले होते. वर अंकाच्या संपादकांनी 'एका अज्ञात सत्याची कहाणी' असं उपशीर्षक दिलेलं.

वाचकांची पत्रं आली, बहुतेक कौतुकाची, हळहळीची. कंठसंगीताच्या बाईंचाही फोन आला. त्यांचा सूर वेगळा होता: तुम्ही मला जे वाचायला दिलं त्यात हे नव्हतं, मग हे काय आहे?

करण्यासारखं फार नव्हतं. अंकाला खुलासा पाठवता आला असता, पण पुढचा अंक थेट एका वर्षानं. प्रकाशकांना वाटलं, चर्चा होते आहे तर होऊ द्यावी. मी 'लेखिकेचं मनोगत' सुचवलं, ज्यात काय नोंदलेलं, काय वादग्रस्त आणि काय कल्पित हे साध्या शब्दांत सांगायचं. ते कुठे छापायचं यावर वाद झाला. आधी वाचलं की कादंबरीची मोहिनी मोडते, म्हणून शेवटी छापावं असं ठरलं. मीही होकार दिला.

काय झालं

पुस्तक आलं. पहिली आवृत्ती अपेक्षेपेक्षा लवकर संपली. परीक्षणांमध्ये अथेन्सच्या भागाचं कौतुक झालं, ताईंना त्याचा आनंद माझ्याहून जास्त. पण मलपृष्ठावरचा मजकूर प्रकाशनाच्या कार्यालयात लिहिला गेला होता आणि तो मी छापून आल्यावरच पाहिला: 'जिनं प्रेमासाठी सूर सोडला...'. आत चारशे पानं ज्याच्या विरुद्ध बोलत होती तेच बाहेर लिहिलेलं. दोन परीक्षणांनी तर मलपृष्ठाचीच वाक्यं उचलली. एका वाचक मंडळात मी गेलो होतो, तिथे चर्चेचा पहिला प्रश्न बाळाबद्दल होता. कुणी मनोगत वाचलं आहे का, असं विचारलं. बावीस जणांपैकी चौघांनी हात वर केला.

तरी एक गोष्ट मनात राहिली. त्याच मंडळातल्या एका वयस्कर काकूंनी सांगितलं की पुस्तक वाचल्यावर त्यांनी नातवाकडून १९५३ चं 'टोस्का'चं ध्वनिमुद्रण फोनवर लावून घेतलं, दे साबातानं संचालन केलेलं, आणि दुसरा अंक पूर्ण ऐकला. सुरी उचलण्याची जागा त्यांना बरोबर कळली होती.

पुन्हा करायचं झालं तर

तक्ता दुसऱ्या वाचनात नव्हे, पहिल्या भेटीत करीन, आणि लेखिकेबरोबर बसून करीन. आमच्या बाबतीत तो माझ्याकडून त्यांच्याकडे दोषपत्रासारखा गेला आणि दोन महिन्यांचं मौन त्यातूनच आलं. हस्तलिखितातला कोणता तुकडा कुठे पाठवला आहे, हे पहिल्याच दिवशी विचारीन. मलपृष्ठ बघितल्याशिवाय छपाईला संमती देणार नाही. गाणाऱ्या माणसाचं वाचन शेवटी नव्हे, मधल्या टप्प्यावर घेईन. बाईंनी सुचवलेल्या काही गोष्टी वेळ नसल्यामुळे राहून गेल्या. विशेषतः १९७१-७२ मधले न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेतले तिचे वर्ग, जिथे ती स्वतः शिकवणाऱ्याच्या जागी उभी राहते. अथेन्सच्या त्या कोपऱ्यातल्या मुलीचं वर्तुळ तिथे पुरं झालं असतं.

मनोगत दुसऱ्या आवृत्तीत पुढे येतं आहे. मलपृष्ठ बदललं आहे. प्रकाशकांनी दोन्ही गोष्टी कुरकुर न करता मान्य केल्या.

राहिलं आहे ते 'तुम्ही'. मेनेगिनीच्या प्रकरणांमधले सगळे संवाद बदलावेत असं माझं म्हणणं आहे. निदान लग्नानंतर तरी मारियानं त्याला 'तू' म्हणावं. ताईंची हरकत अशी की मग डेकवरच्या त्या रात्रीचा 'तू' विरून जाईल. खरं आहे, विरेल. तो 'तू' आमचा होता, तिचा नव्हता, असं मी त्यांना म्हटलं आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी वेरोनाचं पहिलं जेवणाचं दृश्य परत मागवून घेतलं. तिथे 'तुम्ही'च बरोबर आहे, अनोळखी माणसं आहेत ती. तिथून लग्नापर्यंतच्या पावणेदोन वर्षांत 'तू' नेमका कुठल्या वाक्यात येतो, ते त्या शोधत आहेत.